थोरलीच्या पांघरुणाची कड

३ फेब्रुवारी

भिंगरे,

पोटभर आशीर्वाद.

तुझ्या आईनं कळवलं की आकाशातल्या टकरी आधीच ओळखायच्या टेबलावर तुला बसवलंय. ही बातमी मी पहिल्यांदा शेजारच्या घड्याळजींना सांगितली, मग किराणावाल्याला, मग दवाखान्यात रांगेतल्या सगळ्यांना, आणि शेवटी तुला पत्र लिहायला बसले. क्रम चुकला खरा. पण अभिमान दुधासारखा असतो, पाठ वळली की उतू जातो.

फोन करू नकोस. जन्म शिवणयंत्राच्या घरघरीत काढल्यावर कानांनी आपली सुटी करून घेतली आहे. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी माझ्या मनानं घालते. मागच्या खेपेला असंच तुझं लग्न ठरवून बसले होते.

आता माझं एक काम कर. माझी थोरली कशी आहे ते बघून सांग.

तुला सगळं माहीत आहे, पण म्हाताऱ्या माणसाला माहीत असलेलंच सांगायला गोड वाटतं. मी तेव्हा कपडे उसवून-शिवून देत असे. उपग्रहाच्या कारखान्याला थोरलीचं पांघरूण शिवायला हात हवे होते. कांद्याच्या पापुद्र्यासारखे चकचकीत थर, मध्ये जाळी, पुन्हा थर. कारखान्यातल्या शिकलेल्या मंडळींनी हात लावला की टर्रकन फाटायचं. म्हणून आम्हा चौघींना बोलावलं. वर एका बाजूला भाजणारं ऊन आणि दुसऱ्या बाजूला हाडं गोठवणारी थंडी, म्हणून हे अंगभर पांघरूण. चारी बाजूंनी कड मी घातली, दुहेरी. थोरली वर गेली तेव्हा सगळे धूर आणि आग बघत होते. मी एकटी म्हणत होते, बाई गं, कड सांभाळ.

पाच वर्षांच्या बोलीवर गेलेली पोर अकरा वर्षं राबली. मग तिचा आवाज बंद झाला. पण फिरते आहे, एवढं मला ठाऊक आहे.

उत्तर देताना असेल-नसेल नको. गिऱ्हाइकाला ‘तुमची कंबर बहुधा इतकी’ असं सांगून चालत नाही. हो की नाही, एवढंच.

तुझी मावशी


१२ फेब्रुवारी

मावशी,

वाकून नमस्कार. हातात कॉफीचा कप असल्यानं अर्धाच वाकले आहे, उरलेला उधार.

पहिलीच अडचण तू घालून ठेवलीस. आमच्याकडे ‘हो’ आणि ‘नाही’ हे शब्द जवळजवळ वापरतच नाहीत. आम्ही दिवसभर असेल-नसेलचाच धंदा करतो.

माझी खोली सांगते. भिंतभर पडदा, सहा टेबलं, माझ्या खुर्चीचा डावा हात आधीच्या माणसानं कुरतडल्यासारखा. खिडकी एकही नाही. आकाशाचं काम करणाऱ्यांना आकाश दिसू नये हा विनोद कुणाचा, ते इथं कुणालाच माहीत नाही.

वर चालू उपग्रह आहेत, मेलेले आहेत, आणि त्यांहून कितीतरी जास्त त्यांचे तुकडे. रडार अधूनमधून त्यांना बघतं आणि पुढच्या काही दिवसांत कोण कुठं असेल याचा आम्ही हिशोब मांडतो. पण नेमकी जागा कधीच कळत नाही. प्रत्येकाभोवती एक धुकं असतं, तो या धुक्यात कुठंतरी आहे, इतकंच सांगता येतं. दोन धुकी एकमेकांत शिरायला लागली की आतले दोघं आदळण्याची शक्यता किती, ते मी काढते. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की जिवंत उपग्रहाला जरा बाजूला सारायचं. मेलेल्याला सरक म्हणता येत नाही.

सध्या एका तुकड्यानं माझ्या डोक्यावर मिरे वाटले आहेत. हवामानाची चित्रं पाठवणारा आपला उपग्रह, तू जिला धाकटी म्हणतेस, तिच्या वाटेत तो पुन्हा पुन्हा येतो. आणि दर खेपेला माझा अंदाज एकीकडे, हा भलतीकडे. मागच्या आठवड्यात आमचे साहेब म्हणाले, “आकडा तर लहान आहे. सोडून दे.”

मी म्हणाले, “साहेब, आकडा लहान आहे कारण धुकं मोठं आहे.”

“म्हणजे?”

“एवढ्या मोठ्या मैदानात आंधळी कोशिंबीर खेळणारा नेमका कुठं आहे हेच माहीत नसेल, तर तो या एका खांबावर आदळण्याची शक्यता थोडीच निघणार. पण ते खांबाचं नशीब नाही, आपलं अज्ञान आहे. आपल्याला जितकं कमी माहीत, तितका आकडा गोंडस.”

त्यांनी चष्मा पुसला. विचार करायचा असला की पुसतात. म्हणाले, “मग सारायचं धाकटीला?”

तिथंच मी अडकले. उगाच सारलं तर तिचे कॅमेरे दिवसभर बंद ठेवावे लागतात. वादळांचे दिवस आहेत, समुद्रात होड्या आहेत, त्यांना तिच्या चित्रांवरूनच इशारा जातो. न सारावं आणि तो आदळला, तर धाकटीच्याच हजार चिंध्या होऊन वर पसरतील. वर सगळं बंदुकीच्या गोळीहून जोरात धावतं, त्या वेगात बोटाएवढा तुकडाही भिंत फोडतो. तर मी आणखी निरीक्षणं मागितली आहेत. पुढची जवळीक मार्चच्या सुरुवातीला आहे. तोवर हा इतका हट्टी का, हे कळलं पाहिजे.

थोरली ठीक आहे. फिरते आहे.

तुझी भिंगरी


२० फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र घड्याळजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “म्हणजे तुमच्या भाचीला नक्की काहीच माहीत नसतं, आणि त्याबद्दल तिला पगार मिळतो.” मी म्हणाले, “तुम्हाला वेळ नक्की माहीत असते, तरी तुमच्या दुकानातली सहा घड्याळं सहा वेळा दाखवतात.” त्यावर उठून सहाही घड्याळं जुळवायला गेले. तेवढंच पुण्य.

तुझं ते धुक्याचं मला पटलं. पण त्या हट्टी तुकड्याचा मला राग आला आहे. कुठल्या देशाचा आहे गं तो? कुणीतरी काम उरकायचं म्हणून उरकलं असणार. हाताला वळण नसलेल्या माणसानं शिवलं काय आणि जोडलं काय, आज ना उद्या लोंबायचंच. असल्यांच्या निष्काळजीपणापायी माझ्या भाचीनं का झोप घालवायची? ज्यानं तो सुटू दिला त्याला माझ्यासमोर उभा कर. टाका कसा घालतात ते कान धरून शिकवते.

आता माझी बातमी. आपल्या चौकातल्या शाळेनं काचेचं कपाट केलं आहे, गावच्या माणसांनी काय काय केलं ते दाखवायला. त्यात माझी सुई, शिवताना बोटात घालायची टोपी आणि थोरलीच्या पांघरुणातून उरलेला वीतभर तुकडा ठेवणार आहेत. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, वीस मार्चला तुम्ही मुलांशी बोला. मी म्हणाले, छे, मला कुठं बोलता येतं. घरी येऊन लगेच साडीला इस्त्री केली.

आणि काय गं, थोरलीबद्दल एवढीच ओळ? लहानपणी माझी काचेची बरणी फोडलीस तेव्हाही ‘बरणी ठीक आहे’ एवढंच म्हणाली होतीस. असो. कामात असशील.

मावशी


२६ फेब्रुवारी

मावशी,

आज थोडक्यात लिहिते, डोकं त्या तुकड्यातच आहे.

एक विचारायचं होतं. पांघरुणाचा एक तुकडा, समज दारावर टाकायच्या पडद्याएवढा, हातात घेतला तर किती वजनाचा लागायचा? ताठ राहायचा की चुरगळायचा? आठवेल तसं लिही. घाई नाही.

शाळेत बोलणार आहेस याचा फार आनंद झाला. साडी कुठली, ते कळव.

भिंगरी


४ मार्च

भिंगरे,

लबाड कुठली. ‘घाई नाही’ म्हणे. वीस तारखेला येऊन मला गपचूप बसवून ठेवायचं आणि माझ्या कामावर तूच भाषण ठोकायचं असा तुझा बेत आहे, आणि त्यासाठी ही माहिती हवी आहे, हे न कळण्याइतकी तुझी मावशी भोळी नाही. मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं, तर त्या “मला काही माहीत नाही” म्हणाल्या. म्हणजे त्याही सामील.

तर लिहून घे.

वजन मी कधी केलं नाही. अख्खं पांघरूण उचललं तरी पोटच्या पोरीनं हात धरल्यासारखं वाटायचं, इतकं हलकं. हे भाषणात असंच्या असं घाल. थर किती ते आठवतं, पण ते सांगायचं नाही अशी शपथ घेतली होती, आणि ती अजून सुटलेली नाही. ताठ म्हणशील तर नुसतं कापड ताठ नव्हतं. फुंकर मारली की गोळा व्हायचं. पण कड घातली की अंगात येऊन उभं राहायचं. आमच्यावर देखरेख करणारा तरुण इंजिनियर म्हणायचा, “बाई, वर बघायला कोण जातंय, एकेरी कड चालेल.” मी म्हणायची, “कोणी बघत नाही तिथंच दुहेरी घालायची असते.” हेही घाल.

साडी मोरपंखी.

तुझ्या त्या तुकड्याचं काय झालं? धाकटी सुखरूप ना?

मावशी


९ मार्च

मावशी,

तुझं पत्र काल आलं. जो निर्णय घ्यायचा होता तो परवाच घेऊन झाला होता. वजन तुला आठवत नाही, म्हणून वेळेत आलं असतं तरी त्याचा मला उपयोग नव्हता. पण ते मी चार वेळा वाचलं आणि दर वेळी माझा धीर खचला. आता एका दमात लिहिते.

भाषणाचा बेत नव्हता. तो हट्टी तुकडा थोरलीचा आहे. तुझ्या पांघरुणाचा.

शंका मला पहिल्या पत्राच्या वेळीच आली होती. तिच्या वाटेशी त्याची वाट जुळत होती. म्हणून ‘थोरली ठीक आहे’ लिहून पुढं पळाले. बरणीचं तू बरोबर ओळखलंस.

तो हट्टी का होता, ते सांगते. आमच्या हिशोबात प्रत्येक तुकडा धातूचा, जड, असं धरलेलं असतं. जड वस्तूला उन्हाचा धक्का जाणवत नाही. हो, उन्हालाही जरासा धक्का असतो, जमिनीवर कळत नाही इतका. पण वाळत घातलेल्या कपड्यासारखी हलकी, पसरट वस्तू असेल तर ऊनच तिला हळूहळू रेटत नेतं, आणि ती फिरेल तसा रेटा बदलतो. दुर्बिणीतून तो लुकलुकताना दिसला. एकदा लख्ख, एकदा अंधार, पुन्हा लख्ख. कोलांट्या खाणारं चकचकीत कापड. मग मी त्याला धातू समजणं सोडलं आणि कापड समजून हिशोब पुन्हा मांडला. धुकं झरकन आटलं. त्याची वाट उलटी मागं नेली तर ती थोरलीच्या दारात जाऊन थांबली.

आणि धुकं आटल्यावर तो गोंडस आकडा एकदम मर्यादेच्या कितीतरी वर गेला.

मी साहेबांकडे गेले. म्हणाले, “धाकटीला सारायला हवं.”

“खात्री आहे?”

“नाही. शक्यता आहे. पण या वेळी ती आपल्या अज्ञानाची नाही, त्या तुकड्याची आहे.”

ते हसले आणि सही केली. धाकटीचं इंजिन काही क्षण चालवलं, कॅमेरे दिवसभर बंद ठेवले. हवामानवाल्यांनी होड्यांना किनारा सोडू नका म्हणून सांगितलं. त्यावर कोळ्यांनी आमचा जो उद्धार केला तो इथं लिहिण्यासारखा नाही. वेळ आली तेव्हा साहेबांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं होतं. धाकटी जिथं असती, त्या जागेला जवळजवळ चाटून तो तुकडा गेला. ती जागा रिकामी होती. नसती सारली तर आदळलाच असता असं मी म्हणू शकत नाही. तसं कधीच म्हणता येत नाही, मावशी. आमचं काम चांगलं झालं की काहीच होत नाही, आणि काहीच न झाल्याचा पुरावा कुणी मागू शकत नाही.

हे सगळं पुढच्या आठवड्यात छापून येईल, थोरलीच्या नावासकट. वीस तारखेनंतर सांगावं असं मनात फार आलं. पण तू मोरपंखी साडीत उभी आणि समोर कुणाच्या तरी हातात ते वर्तमानपत्र, हे चित्र डोळ्यांसमोर आलं. ते तू माझ्याकडून ऐकावंस.

राग आला असेल तर कान धर. त्यासाठी कान घेऊन येईन.

तुझी भिंगरी


२४ मार्च

भिंगरे,

उत्तराला उशीर झाला, तो रागानं नाही. रुसल्यानं झाला. दोन्हींत फरक आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी उशीचा एक अभ्रा चार वेळा उसवला आणि चार वेळा शिवला. कुठल्याच खेपेला टाका सैल नव्हता. ‘हाताला वळण नसलेल्या माणसाचं काम’ असं मीच तुला लिहिलं होतं ना? शब्द परत घेता येत असते तर पोस्टात जाऊन रांग लावली असती.

वीस तारखेला सकाळी ठरवलं होतं, जायचं नाही. बाईंना कळवणार होते की ताप आहे. साडी घडी करून ठेवली. तेवढ्यात घड्याळजी दारात उभे, हातात वर्तमानपत्र. मला वाटलं, आता हा माणूस महिनाभराचं उट्टं काढणार. तर म्हणाले, “यात तुमची थोरली आहे आणि तुमची भाची आहे. दोघींना एकाच पानावर छापलंय. साडी नेसा, उशीर होतोय.”

मग नेसले.

शाळेत मी ठरवलेलं भाषण केलंच नाही. मुलांना सरळ सांगितलं, या कपाटात जो तुकडा आहे, त्याचंच भावंड वर सुटलंय. एका पोरीनं लगेच विचारलं, “मग बाकीचेही सुटतील?” मी म्हणाले, “सुटतील. कापड आहे ते. तीस वर्षं उन्हात टाकलं तर तुझ्या घरची चादरही सुटेल. म्हणून तर माझी भाची तिथं बसली आहे.” घड्याळजी आपल्या स्वभावावर गेलेच. मागून मोठ्यानं म्हणाले, “टाका उसवला म्हणायचं, की कापड फाटलं?” सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हणाले, “ते मला माहीत नाही.” आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत हे वाक्य बोलले बघ. आभाळ कोसळलं नाही.

नंतर बाईंनी हळूच विचारलं, कपाटातला तुकडा काढून ठेवू का. मी म्हणाले, मुळीच नाही, फक्त खालची चिठ्ठी बदला. आता तिथं असं आहे: ‘हे कापड मावशीनं शिवलं. त्याचा सुटलेला तुकडा भाचीनं ओळखला.’

भिंगरे, मला इतकी वर्षं वाटायचं, माझं काम वर आहे आणि ते कुणी बघत नाही. आणि तू ते कुठल्या कुठून, नुसत्या लुकलुकण्यावरून, कापड म्हणून ओळखलंस. सगळे त्याला पत्रा समजत होते. लेकराला गर्दीत चालण्यावरून ओळखावं तसं. लोक म्हणतात भाची आकाश बघते. मी त्यांना सांगते, आकाश कुणीही बघेल, माझी भाची पोत बघते.

कान शाबूत ठेव. धरायचा नाही, दृष्ट काढायची आहे.

फक्त एक रुखरुख आहे, ती तुझ्याकडेच टाकते. टाका की कापड? मला कळलं पाहिजे. तुला असेल-नसेलखेरीज काही बोलता येत नाही हे माहीत असून विचारते.

मावशी


२ एप्रिल

मावशी,

तुझा प्रश्न मी सगळ्या कक्षासमोर ठेवला. इथं त्या तुकड्याला एक लांबलचक क्रमांक आहे, पण आता त्याला सगळे ‘मावशीची चिंधी’ म्हणतात. रोज सकाळी साहेब आले की पहिला प्रश्न, “चिंधी कुठंय?” तिचं ठीक आहे. या वेळी खरंच ठीक आहे. धाकटीपासून लांब गेली आहे, आणि तिच्या पुढच्या दहा दिवसांच्या वाटेवर माझं धुकं आता टेबलावर टाकायच्या रुमालाएवढं वाटतं. होड्या पुन्हा बाहेर पडल्या. मागच्या मंगळवारी धाकटीनं एक वादळ वेळेवर दाखवलं, सगळ्या परत आल्या. आम्हाला शिव्या देणाऱ्या कोळ्यांना यातलं काही माहीत नाही, आणि ते तसंच बरं.

आता टाका की कापड. आम्ही तिच्या लुकलुकण्याचा आलेख पुन्हा काढून बसलो. अगदी ठेक्यात आहे. लख्ख, अंधार, लख्ख, अंधार. कापड गोळा झालं असतं तर असा ठेका मिळाला नसता, कसंही चमचमलं असतं. ती अजून सपाट आहे. आणि तूच लिहिलं होतंस, नुसतं कापड गोळा होतं, कड घातली की उभं राहतं.

मी साहेबांना तुझं ते पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, “फाटलंय ते कापड, मधूनच. कड चिंधीबरोबर गेली आहे आणि अजून धरून आहे. बहुधा.”

म्हणजे खात्री नाही, मावशी. जवळ जाऊन बघता येत नाही, कधी येणारही नाही. बहुधा कड टिकली आहे. याहून पक्कं मला सांगता येत नाही, आणि तुला खोटं सांगायचं नाही असं बरणीपासून ठरलं आहे.

तुझी भिंगरी


८ एप्रिल

भिंगरे,

पत्र पोचलं. लगेच उठून घड्याळजींच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, तरी मध्ये शिरून सांगितलं, “बहुधा कड टिकली आहे.”

त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं. म्हणाले, “बहुधा म्हणजे?”

मी म्हणाले, “बहुधा म्हणजे बहुधा. आमच्या घरात आता असंच मोजतात.”

मावशी